मुळाशी किती माती होती?



आजचा पाठ : वायिक्रा, अध्याय 19, वचनं 23 ते 25 (पाराशा केदोशीम).

थोडक्यात सांगतो. देशात पोचल्यावर तुम्ही खाण्याच्या फळाचं झाड लावलंत, तर पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही. चौथ्या वर्षाचं फळ पवित्र, ते देवाच्या स्तुतीसाठी. पाचव्या वर्षापासून फळ तुमचं. त्या पहिल्या तीन वर्षांच्या फळाला तोरा ओर्ला म्हणते, म्हणजे अक्षरशः सुन्नत न झालेलं फळ. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरं सांगायचं तर ही तीन वचनं मी आजवर भरभर वाचून पुढे गेलोय. याच अध्यायात शेजाऱ्यावर प्रेम करायची आज्ञा आहे, खऱ्या वजनमापांची आज्ञा आहे. झाडांपाशी कोण थांबतं? यंदा थांबलो, कारण मागच्या महिन्यात घरी लिंबाचं रोप आणलं. नर्सरीतलं, काळ्या पिशवीतलं, आणि त्याला आधीच दोन लिंबं लागलेली. बायकोने विचारलं, ही खायची का? मी पिशवी फाडून रोप कुंडीत लावत होतो, हात मातीने भरलेले. रोपाचं वय किती ते मला ठाऊक नव्हतं. आणि पिशवीतून कुंडीत, उद्या कुंडीतून जमिनीत असं हलवलं तर मोजणी परत शून्यापासून सुरू होते का, हेही ठाऊक नव्हतं.

उत्तर शोधताना रामबामपाशी पोचलो. मिश्ने तोरामध्ये त्यांनी झाडांच्या वर्षांचे नियम दोन अध्यायांत मांडलेत. ते वाचता वाचता लिंबू राहिलं बाजूला आणि मी त्यांचं आयुष्यच वाचत बसलो. कारण कुठून कुठे हलवलेल्या झाडांबद्दल लिहिणारा हा माणूस स्वतः किती वेळा उपटला गेला होता, ते आपण विसरतो.

रब्बी मोशे बेन मैमोन, आद्याक्षरांनी रामबाम. जन्म 1138 च्या सुमारास, स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात. जुन्या पुस्तकांत 1135 हे साल सापडेल, पण त्यांनी एका ग्रंथाच्या शेवटी स्वतःचं वय नोंदवलंय, त्यावरून 1138 जास्त पटतं. वडील रब्बी मैमोन हे तिथले दय्यान, म्हणजे धर्मन्यायाधीश. पिढ्यान् पिढ्या विद्येचं घर. झाड चांगल्या जमिनीत होतं असं म्हणूया.

1148 मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अलमोहाद राजवटीने कोर्दोबा घेतलं. आधीच्या मुसलमान राज्यांत यहुद्यांना कर भरून आपला धर्म पाळता यायचा. या नव्या राज्यकर्त्यांनी ती सवलतच काढून टाकली. धर्म बदला, नाहीतर निघा. मोशे तेव्हा दहा-एक वर्षांचा. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं हे कुटुंब स्पेनमध्येच इकडून तिकडे फिरत राहिलं. मुलगा याच फिरतीत मोठा झाला, वडिलांपाशी शिकला, आणि तेविसाव्या वर्षाच्या आसपास त्याने सबंध मिश्नावर टीका लिहायला घेतली. मांडीवर वह्या, खाली कुठलं तरी परकं घर.

1160 च्या सुमारास ते मोरोक्कोतल्या फेझला गेले. गंमत म्हणजे फेझसुद्धा अलमोहादांच्याच ताब्यात! आगीतून फुफाट्यात का गेले, यावर अभ्यासक अजून डोकं खाजवतात. तिथे बरेच यहुदी वरून कलमा म्हणून घरात गुपचूप तेफिल्ला करत जगत होते. कुणा विद्वानाने फतवा काढला की अशा माणसांच्या प्रार्थनेला काही अर्थ नाही, ते यहुदी राहिलेच नाहीत. त्यावर तरुण रामबामनी एक पत्र लिहिलं, ते आजही उपलब्ध आहे. त्यांचं म्हणणं असं : जबरदस्तीने तोंडातून काढलेल्या शब्दांनी माणूस तुटत नाही. लपून केलेली एकेक मित्स्वासुद्धा मोजली जाते. मात्र तिथे आयुष्यभर राहू नका. जमेल तेव्हा, घरदार सोडावं लागलं तरी, धर्म उघडपणे पाळता येईल अशा जागी निघून जा.

आता हे झाडांच्या नियमाशेजारी ठेवून बघा. मिश्ना म्हणते, आणि रामबाम तेच पुढे लिहितात : झाड उन्मळून पडलं, पण त्याचं एक मूळ जरी जमिनीत धरून राहिलं असेल, विणकराच्या सळईएवढं बारीक का असेना, तर ते झाड जुनंच. त्याची वर्षं नव्याने मोजायची नाहीत. फेझचं पत्र लिहिताना त्यांच्या डोक्यात हा नियम होता असा माझा दावा नाही. मला तो आठवला, एवढंच.

पत्रात जे सांगितलं ते त्यांनी स्वतःही केलं. 1165 च्या वसंतात, इयार महिन्यात, कुटुंब जहाजात बसलं. काही दिवसांतच समुद्रात मोठं वादळ झालं, वाचू असं वाटेना. त्या दिवसाची तारीख त्यांनी लिहून ठेवली आणि दरवर्षी तो दिवस उपासाचा पाळायचा नवस केला. सिवान महिन्यात ते अक्को बंदराला उतरले. देश तेव्हा क्रूसेडरांच्या हाती, यहुदी वस्ती विरळ. पावसाळ्याच्या तोंडाशी ते यरुशलेमला गेले, प्रार्थना केली, मग हेब्रोनला पूर्वजांच्या कबरींपाशी. आणि थोड्याच काळात देश सोडून मिसरला, म्हणजे इजिप्तला.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. ओर्ला, शेमिट्टा, दशमांश, शेतातला गरिबांचा वाटा, हे बहुतेक कायदे त्या एका देशाच्या मातीला बांधलेले. नंतरच्या अनेक संहितांनी ते वगळले, कारण आपण तिथे राहत नाही मग कशाला? रामबामनी त्यासाठी मिश्ने तोराच्या 14 पुस्तकांपैकी सातवं पुस्तक सबंध दिलं, बियाण्यांचं पुस्तक. आणि हा माणूस त्या देशात राहिला जेमतेम काही महिने! त्या थोड्या दिवसांत त्यांनी कुणाची बाग पाहिली असेल, अंजिराच्या कोवळ्या झाडाजवळ थांबून हे किती वर्षांचं असं विचारलं असेल का, काही नोंद नाही.

मिसरमध्ये ते आधुनिक कैरोजवळच्या फुस्तातमध्ये स्थिरावले. परत मिसरमध्ये राहायला जाऊ नये असा तोराचा नियम आहे आणि तो मिश्ने तोरात त्यांनी स्वतःच लिहिलाय. लिहिणारा राहतो कुठे, तर फुस्तातमध्ये. ही टोचणी त्यांनाही लागली असणार. 1168 मध्ये तिथेच मिश्नावरची टीका पुरी झाली. शेवटी त्यांनी नोंदवलंय की यातला काही भाग प्रवासात लिहिला, काही तर जहाजावर, आणि चुका असतील तर सांभाळून घ्या. त्यांच्या हातच्या प्रतीचे मोठे भाग आजही ऑक्सफर्डच्या आणि यरुशलेमच्या ग्रंथालयांत आहेत. त्यात खाडाखोड आहे, समासात दुरुस्त्या आहेत; आयुष्यभर ते ती टीका सुधारत राहिले. आपल्याकडे कोडची जुनी आवृत्ती उघडून बघावी तसं दिसतं, कुठे मत बदललं, कुठे ओळ खोडली.

आता कुंडीचा आणि जागा बदलण्याचा कायदा, जो शोधायला मी निघालो होतो.

मिश्ना सांगते, झाड मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उपटलं, किंवा नदीच्या पुराने मातीसकट वाहून नेलं आणि ते दुसरीकडे रुजलं, तर बघायचं काय? झाडाचं वय नाही, नवी जमीनही नाही. सोबत आलेल्या मातीवर ते जगू शकलं असतं का, एवढंच बघायचं. जगू शकलं असतं, तर ते जणू हललंच नाही, जुनी वर्षं धरायची. नसतं जगलं, तर आजच लावलं असं समजून तीन वर्षं पहिल्यापासून मोजायची, मग झाड कितीही जुनं असो. त्या मातीवर किती दिवस जगायला हवं, यावर नंतरच्या रब्बींमध्ये मतभेद आहेत, कुणी थोडे दिवस म्हणतं, कुणी बरेच जास्त. आपले माळी रोप हलवताना मातीचा गोळा फुटू देत नाहीत ते झाड मरू नये म्हणून. हालाखा त्याच गोळ्याकडे बघून वर्षं मोजते.

कुंडीचं असं आहे. तळाला भोक असलेली कुंडी ही जमिनीसारखीच, कारण ओलावा खालून पोचतो. भोक नसलेली कुंडी भाजीपाल्यासाठी जमीन धरत नाहीत. पण रामबाम लिहितात, झाडासाठी तीही जमीनच, तिच्यातल्या झाडालाही ओर्ला लागू. याचं कारण येरुशाल्मी तालमूदमध्ये मिळतं आणि मला ते फार आवडलं : मुळं मातीच्या भांड्याला जुमानत नाहीत, आज ना उद्या फोडून खाली जातात. मग प्लास्टिक आणि पत्र्याच्या कुंडीचं काय, यावर आजचे रब्बी अर्थातच चर्चा करतात. इस्राएलमध्ये या कारणासाठी रोपवाटिकांवर देखरेख ठेवली जाते.

मोजणीचंही एक आहे, इंजिनिअर लोकांना आवडेल. रोष हशानाच्या आधी 44 दिवस झाड लावलेलं असेल (14 दिवस मूळ धरायला, 30 दिवस त्यानंतरचे) तर ते 44 दिवस सबंध एक वर्ष म्हणून धरतात. पण ही सूट फुकट नाही. अशा झाडाची तीन वर्षं पुरी झाली तरी त्यापुढच्या 15 श्वातपर्यंतची फळं ओर्लाच. 15 श्वात म्हणजे तू बिश्वात, आपला एलियाहू हन्नाबीचा उरूस. मलिद्याच्या ताटात पोहे, खोबरं आणि फळं मांडताना ही तारीख झाडांच्या वयाची तारीख आहे, हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

तर फुस्तात. रामबाम अभ्यास करायचे आणि घर चालवायचा धाकटा भाऊ दावीद. तो रत्नांचा व्यापारी. त्याने मोशेला लिहिलेलं एक पत्र कैरोच्या गेनिझात सापडलं, म्हणजे सिनेगॉगच्या त्या खोलीत जिथे जुनी कागदपत्रं टाकून न देता साठवली जायची. दावीद वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोचला होता. तिथे घेण्यासारखा माल नव्हता, निळीखेरीज काही नाही, म्हणून तो हिंदुस्थानला जायचं ठरवतोय असं कळवतो. घरच्यांनी काळजी करू नये, बायकोला धीर द्या, असंही. त्यानंतर तो हिंदी महासागरात बुडाला. सोबत स्वतःचा, मोशेचा आणि इतरांचाही पैसा गेला. मागे बायको आणि एक लहान मुलगी.

रामबाम जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळले, ताप आणि खचलेलं मन. आठ वर्षांनंतर अक्कोतल्या एका ओळखीच्या माणसाला लिहिताना ते सांगतात की दुःख अजून उतरलेलं नाही. भावाचं अक्षर एखाद्या कागदावर दिसलं की काळीज उलटतं. तोराचा अभ्यास नसता तर मी संपलो असतो, अशा अर्थाचं ते लिहितात. कोर्दोबा गेलं, फेझ गेलं, वडील गेले, आता भाऊ. मुळाशी उरलेली माती ती हीच.

त्यानंतर पोटासाठी त्यांनी वैद्यकी धरली. तोरा शिकवून पैसे घेणं त्यांना मान्य नव्हतं. याच वर्षांत, सुमारे दहा वर्षं खपून, मिश्ने तोरा झाली. पुढे सलाहुद्दीनचा वजीर अल-फादिल याचे ते वैद्य झाले, लग्न मिसरमधल्याच घराण्यात झालं, 1186 मध्ये मुलगा अव्राहाम झाला. झाडाने परत मूळ धरलं.

1190 च्या सुमारास त्यांनी मोरे नेवुखीम हा ग्रंथ पुरा केला, आणि त्यात आजच्या आज्ञेचं कारण दिलंय. जुन्या काळचे मूर्तिपूजक झाडाला लवकर फळ यावं म्हणून जादूटोणा करायचे. काही पदार्थ कुजवून ठेवायचे आणि ग्रहांची वेळ साधून झाडाभोवती शिंपडायचे. त्या भागातली बहुतेक झाडं रामबामच्या मते तीन वर्षांत आपोआपच फळतात. तीन वर्षांचं फळ वर्ज्यच केलं, की घाई करून उपयोग काय? जादूगाराचा धंदा बसला. हे कारण सगळ्या रब्बींना पटलेलं नाही. मला पटतं, कारण दर पंधरवड्याला रिलीज मागणाऱ्या धंद्यात मी काम करतो.

1199 मध्ये एका अनुवादकाने भेटीला येऊ का असं विचारलं, त्यावर रामबामनी आपला दिवस कळवला. सकाळी लवकर कैरोला सुलतानाकडे, आजारी कुणी असेल तर दिवस तिथेच. दुपारनंतर उपाशी परत. ओसरी माणसांनी भरलेली, यहुदी, परधर्मी, लहानथोर. जनावरावरून उतरायचं, हात धुवायचे, त्यांची माफी मागून दिवसातलं एकच जेवण उरकायचं आणि रात्रीपर्यंत रोगी तपासायचे, शेवटी तर थकून आडवं पडूनच. शब्बाथला मंडळी तोरा शिकायला यायची. ये, पण निवांत बोलणं होईल अशी आशा धरू नकोस, असा एकूण सूर.

याच शेवटच्या वर्षांत त्यांनी फ्रान्समधल्या लुनेलच्या विद्वानांना एक पत्र लिहिलं. सगळीकडे तोराची विद्या कशी आटत चाललीय ते सांगताना त्यात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख येतो. त्यांना लिखित तोरा माहीत नाही, शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुन्नत करतात, बाकी धर्माचं काही नाही.

मंडळी, हे कुणाबद्दल होतं याचा पुरावा नाही. पण कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या आपल्या पूर्वजांचं वर्णन याहून वेगळं झालं नसतं. आपल्याकडे असंही म्हणतात की बेने इस्राएलना धर्म नव्याने शिकवणारे दावीद रहाबी म्हणजे रामबामचाच तो भाऊ, बुडाला नाही, कोकण किनाऱ्याला लागला. इतिहासाचा याला आधार नाही. पण लहानपणी आजीकडून ऐकलं तेव्हा मला ते खरं वाटायचं आणि बरंही वाटायचं.

रामबाम ती ओळ ऱ्हासाचा दाखला म्हणून लिहितात, आणि इथे मी त्यांच्याशी त्यांचंच पुस्तक उघडून हळूच वाद घालतो. पुराने वाहून आलेलं झाड. सोबत किती माती? शब्बाथ आणि सुन्नत, एवढाच गोळा. त्यावर ते जगू शकलं असतं का? शेकडो वर्षं जगलं की! मग त्याची वर्षं पहिल्यापासून का मोजायची? हा प्रश्न कागदावरचा नाही. आपले लोक इस्राएलला जाऊन लग्न करू लागले, तेव्हा त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश तिथल्या धर्माधिकाऱ्यांकडून निघाला. 1964 मध्ये आपली माणसं यरुशलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठे बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत हे मान्य झालं. तुमच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा त्यात असतील तर त्यांना विचारून ठेवा, ती पिढी आता थोडीच उरलीय.

रामबाम 20 तेवेतला, 13 डिसेंबर 1204 रोजी, फुस्तातमध्ये वारले. त्यांची कबर मात्र गालीलातल्या तिबेरियास गावात दाखवतात. तिथे आजही रोज माणसं जातात.

लिंबांचं विचाराल तर, देशाबाहेर ओर्ला लागू आहे पण संशय असेल तिथे सूट आहे, असं रामबाम सांगतात. आमच्या रोपाचं वय संशयातच आहे. तुमच्या कुंडीबद्दल तुमच्या रब्बींना विचारा, माझ्यावर जाऊ नका. आमची दोन्ही लिंबं अजून झाडावरच आहेत. बायकोने कुंडीच्या कडेला मार्करने लावल्याची तारीख लिहून ठेवलीय.

उद्याचा पाठ : वायिक्रा 19, वचन 26 पासून पुढे.